सतरा वह्या व अकरा कविता

गेल्या पावसाळ्यांत आमचे एक वृद्ध स्नेही वारले. सरकारी कचेरींत चौतीस वर्षें कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून तों अंथरुणास खिळेपर्यंत त्यांनीं एकच छंद इमानानें केला, तो म्हणजे विनोदी पद्यें रचण्याचा. शेजाऱ्याची विहीर आटली, साहेबांची बदली झाली, भाचीचें लग्न जुळलें, मित्राची कवळी प्रवासांत हरवली, कीं त्यांची वही उघडे. अशा सतरा वह्या त्यांच्या मागें राहिल्या आहेत. त्यांतील एक ओळहि त्यांनीं कधीं छापावयास दिली नाहीं. कोणी मागितली तर "तें घरचें आहे" एवढेंच उत्तर मिळे, आणि त्यानंतर चहा.

त्यांच्या पश्चात् स्नेहीमंडळींनीं एक स्मृतिसमिति स्थापिली, हें योग्यच झालें. परंतु या समितीनें असा ठराव केला कीं, सतरा वह्यांतील 'किरकोळ व विनोदी' मजकूर सर्वच्या सर्व वगळावा. पहिल्या वहीच्या अखेरीस ऐन तारुण्यांत लिहिलेल्या ज्या अकरा गंभीर कविता आहेत, तेवढ्यांचें एक सुबक पुस्तक काढावें. आणि त्यास प्रस्तावना आम्हीं लिहावी. समितीच्या पत्रांत एक वाक्य होतें. असें केल्यानें कैलासवासी गृहस्थांच्या 'वाया गेलेल्या प्रतिभेचें थोडें तरी सार्थक होईल', असें तें वाक्य. प्रस्तावना लिहिण्याचें आम्हीं नाकारलें आहे, आणि त्याचें कारण हेंच वाक्य होय. समितीच्या हेतूविषयीं आमची मुळींच तक्रार नाहीं. परंतु त्या वाक्यांत जो समज दडलेला आहे तो एकट्या समितीचा नाहीं. तो मराठी वाचकवर्गांत खोल मुरलेला आहे, आणि म्हणून त्याची चारचौघांत झडती घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा समज थोडक्यांत असा: विनोदी पद्य म्हणजे कवितेच्या पंगतींतलें उष्टें. तें हलक्या रसाचें, तें रचण्यांत शक्तीचा अपव्यय, आणि त्यापासून समाजास कांहीं लाभ नाहीं. एखाद्यानें तरुणपणीं चार दिवस तें केलें तर क्षम्य. परंतु जन्मभर तेंच करणारा मनुष्य म्हणजे कवि होतां होतां राहिलेला कोणी अभागी. हे तीनहि आरोप आम्ही क्रमानें घेतों.

पहिला आरोप रसाच्या हलकेपणाचा. विनोदाविषयींचा संशय आमच्याकडे जुना आहे. विनोदाची आवड कोणास असते हें सांगतांना समर्थ रामदासांनीं दासबोधांत टवाळांकडे बोट दाखविलें, आणि तेव्हांपासून हंसविणाऱ्या मनुष्यापुढें तें प्रमाणपत्र वारंवार धरण्यांत येतें. परंतु समर्थ तेथें परमार्थाच्या श्रोत्यांशीं बोलत होते. काव्याचें शास्त्र सांगत नव्हते. शास्त्राचाच आधार हवा असेल तर तो भरतमुनींचा घ्यावा. नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले आहेत त्यांत हास्याचा पाट शृंगार, करुण व वीर यांच्याच पंक्तीस मांडलेला आहे. इतकेंच नव्हे, तर स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे हंसण्याचे सहा प्रकार करून, उत्तम, मध्यम व अधम प्रकृतीच्या माणसांकडे ते वांटूनहि दिले आहेत. ज्या शास्त्रानें हंसण्याची इतक्या बारकाईनें वर्गवारी केली, त्यास हंसणें थिल्लर वाटत नव्हतें हें उघड आहे. सातव्या शतकांत कांची येथें राज्य करणारा पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा यानें 'मत्तविलास' नांवाचें एक प्रहसन लिहिलें. एका मद्यपी कापालिकाचें भिक्षेचें कपाल हरवतें, तो त्याचा आळ एका बौद्ध भिक्षूवर घेतो, आणि शेवटीं तें एका कुत्र्यानें पळविलें होतें असें निष्पन्न होतें. एवढेंच त्याचें कथानक. राज्य चालवून, युद्धें करून आणि डोंगरांत देवालयें कोरवून जो वेळ उरला त्यांत या राजानें हें लिहिलें. आणि त्याची प्रतिभा वाया गेली असें कोणा इतिहासकारानें म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

मराठीपुरतें पाहिलें तर विनोदाला गद्यांत मान मिळून आतां शंभरांहून अधिक वर्षें झालीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'नीं तो मान मिळवून दिला, आणि गडकऱ्यांच्या 'बाळकरामा'नें तो कायम केला. परंतु येथेंच एक चमत्कारिक गोष्ट दिसते. गडकऱ्यांनीं कवितेसाठीं 'गोविंदाग्रज' हें एक नांव घेतलें आणि विनोदासाठीं 'बाळकराम' हें दुसरें. जणूं एकाच घरांत कवीची व विनोदी लेखकाची चूल वेगळी हवी! अत्र्यांनीं 'केशवकुमार' या नांवानें आपल्या पिढीच्या कवींच्या लकबी उचलून विडंबनें रचलीं, तीं मराठी वाचकांनीं डोक्यावर घेतलीं. परंतु त्या संग्रहास कर्त्यानें नांव दिलें तें 'झेंडूचीं फुलें'. गुलाबांच्या शेजारीं आपली जागा कोणती तें आपणच आधीं सांगून टाकावें, असा तो मिस्कील विनय आहे. वाचकांनीं मात्र तो विनय अक्षरशः खरा मानला. दसऱ्यास ज्या दाराला झेंडूवांचून तोरण चालत नाहीं, त्याच दाराआड बसून आपण कवितेंतल्या झेंडूस नाक मुरडतों, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

दुसरा आरोप शक्तीच्या अपव्ययाचा. याचें उत्तर देण्यास आमच्या स्नेह्यांच्या वहींतलें एक पद्य येथें उतरून घेणें भाग आहे. 'घरचें' असलें तरी हें त्यांनीं आपल्याच निरोपसमारंभांत भर सभेंत वाचलें होतें, तेव्हां त्यांचा रोष होणार नाहीं. पद्याचा विषय कचेरींतील फाईल:

तिला पाय नाहीं, तिला पंख नाहीं,
असा कोण जो ना तिची वाट पाही?
वसे सज्जनांच्या उशाशीं दुपारीं,
निवृत्तीदिनीं ये निरोपास दारीं!

हें थोर काव्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें किती कष्टाचें आहे हें पाहावें. वृत्त भुजंगप्रयात; प्रत्येक चरणांत बारा अक्षरें; एक लघु व दोन गुरु अशी तिकडी चार वेळां; आणि त्यांत एका अक्षराचीहि सूट नाहीं. 'निवृत्तीच्या दिवशीं' असें साधें बोलावयास गेलें कीं चरण मोडतो. 'निवृत्तीदिनीं ये' असें म्हणतांच पहिल्या दोन तिकड्या भरतात. पण मग उरलेल्या दोनच तिकड्यांत सारी थट्टा बसवावयाची. तेथें 'निरोपास' हा शब्द सांपडला नसता तर फाईल नुसती उशिरां आली एवढाच अर्थ उरला असता. त्या एका शब्दानें, चौतीस वर्षें तोंड चुकविणारी ती बया जिव्हाळ्याच्या माणसासारखी दाराशीं येऊन उभी राहते. गंभीर कवितेंत एखादी ओळ ढिली पडली तर वाचक ती भावनेच्या नांवावर खपवून घेतो. विनोदी पद्यांत ओळ ढिली पडली कीं कोणी हंसत नाहीं, आणि कर्त्यास निकाल त्याच क्षणीं कळतो. इतक्या कडक परीक्षकापुढें जन्मभर बसणाऱ्यानें शक्ति वाया घालविली, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

शब्दांचा असला खेळ ही मराठीस नवी गोष्ट नाहीं. बारामतीच्या मोरोपंतांनीं जीं नानाविध रामायणें रचलीं त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ओठास ओठ लागेल असें अक्षर त्यांत टाळलें आहे. 'म' हा ओष्ठ्य वर्ण. तेव्हां ज्या रामायणांत 'राम' हें नांवच घेतां यावयाचें नाहीं, असें रामायण पंत लिहावयास बसले! त्यांत भक्ति होतीच. परंतु खेळ नव्हता असें कोण म्हणेल? माधव जूलियनांनीं 'छंदोरचना' हा ग्रंथ लिहून मराठीच्या वृत्तांचा व जातींचा हिशेब मांडला, त्याबद्दल १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांस डी. लिट्. ही पदवी दिली. परंतु त्याच सुमारास कवि अनिलांनीं पुरस्कारिलेला मुक्तछंद रुळूं लागला होता. त्यांची 'भग्नमूर्ति' १९४० सालीं आली. आणि पुढें गंभीर कवितेनें वृत्ताचें बोट बहुतांशीं सोडून दिलें. त्यांत कवितेनें काय मिळविलें व काय गमाविलें हा वाद निराळा. आमचा प्रश्न एवढाच कीं, त्यानंतर सामान्य मराठी माणसाच्या कानांत वृत्त जिवंत ठेविलें कोणीं? गझलकारांनीं व गीतकारांनीं आपापला वांटा उचलला हें खरें. परंतु गल्लोगल्लीं तें काम केलें तें निरोपसमारंभांत श्लोक म्हणणाऱ्या कारकुनानें, स्नेहसंमेलनांत आर्या रचणाऱ्या शाळामास्तरानें, आणि पुतणीच्या लग्नांत एकोणीस अक्षरांचें शार्दूलविक्रीडित पेलून मंगलाष्टक म्हणणाऱ्या काकानें. आमच्या स्नेह्यांनीं आपल्या भाचीच्या मंगलाष्टकांत वराच्या मोटारसायकलीचा वृत्तभंग न होऊं देतां समावेश केला होता, आणि भटजींसह सारा मांडव 'सावधान' म्हणावयाचें विसरून हंसत होता. त्या मांडवांतल्या किती मुलांनीं शार्दूलविक्रीडिताचा डौल त्या दिवशीं प्रथम ऐकला असेल! प्रतिभा वाया गेली ती ही.

तिसरा आरोप उद्देशाचा. आमच्यांतील कांहीं उदार टीकाकार विनोदास क्षमा करितात, परंतु एका अटीवर: त्यानें कोणास तरी सुधारलें पाहिजे, किंवा कोणाचें तरी सिंहासन हालविलें पाहिजे. एकनाथांचीं भारुडें त्यांस चालतात, कारण विंचवाच्या आडून तेथें अध्यात्म बोलतें. रामदास फुटाण्यांच्या वात्रटिका चालतात, कारण त्या पुढाऱ्यांचे कान उपटतात. आम्हांसहि तीं भारुडें व त्या वात्रटिका प्रिय आहेत. परंतु औषध पोटांत गेलें म्हणजेच साखरेचें सार्थक झालें, असें मानणाऱ्यास साखरेची चव कळली असें आम्ही म्हणणार नाहीं. एडवर्ड लिअर हा धंद्यानें चित्रकार. इंग्लंडांतील एका उमरावाच्या वाड्यांत पशुपक्ष्यांचीं चित्रें काढीत असतां, त्या घरच्या मुलांच्या करमणुकीसाठीं त्यानें निरर्थक पद्यें जुळविलीं, आणि १८४६ सालीं तीं छापलीं. त्यांत कोणताहि उपदेश नाहीं. बंगालचे सुकुमार राय हे मुद्रणकलेचें शिक्षण विलायतेस जाऊन घेतलेले गृहस्थ. त्यांच्या 'आबोल ताबोल' या पद्यसंग्रहाची तयारी त्यांच्या अखेरच्या आजारांत झाली, आणि १९२३ सालच्या सप्टेंबरांत त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं तो प्रसिद्ध झाला. मरणास टेकलेला, उणापुरा छत्तीस वर्षांचा मनुष्य उशाशीं चमत्कारिक प्राण्यांचीं पद्यें व चित्रें घेऊन पडला आहे, हें चित्र ज्यास 'निरुद्देश' वाटत असेल त्याच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. बंगाली माणूस त्या पद्यांवर आज शंभर वर्षें पोसला आहे. आमच्याकडे विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठविजेत्या कवीनें 'विरूपिका' लिहिल्या आणि लहान मुलांसाठीं मनसोक्त वेडेपणाहि केला, आणि मंगेश पाडगांवकरांनीं 'वात्रटिका' हें नांव आपल्या संग्रहास दिलें. या थोरांस जें शोभलें, तें एका कारकुनास शोभत नाहीं कीं काय?

येथवर आम्हीं प्रतिपक्षाच्याच मापानें मोजलें. आतां खरी गोष्ट बोलतों. हौशी विनोदी पद्य ही कवितेची धाकटी बहीण नव्हेच. तिचें गोत्र निराळें व अधिक जुनें आहे. आश्विनांत हत्तीभोवतीं फेर धरून भोंडल्याचीं गाणीं म्हणतात, त्यांतला तो वेडा नवरा आठवावा. बायकोनें केलेले लाडू चेंडू समजून तो खेळावयास घेतो आणि करंज्या होड्या समजून पाण्यांत सोडतो. तें गाणें कोणीं रचलें? कोणा बाईनें, आणि तिनें तें कोणत्याहि समितीच्या हवालीं केलें नाहीं. लग्नांत विहिणी एकमेकींस गाण्यांतून चिमटे काढीत, तीं गाणीं कोणाचीं? घांस देतांना नवीन नवरी उखाण्यांत सासूला हळूच जें सुनावते, त्याची प्रस्तावना कोणीं लिहिली? या साऱ्या रचनांत एक समान धर्म आहे, आणि आमच्या मतें तोच या प्रकाराचा प्राण होय: ज्याची थट्टा करावयाची तो मनुष्य समोर बसलेला असतो. विहीण समोर असते, सासू समोर असते, नवरा समोर असतो. आणि उद्यां सकाळीं त्यांच्याच बरोबर एका घरांत वावरावयाचें असतें.

आमच्या स्नेह्यांचा या बाबतींत एक कडक नियम होता. ज्याच्यावर पद्य रचलें त्यास तें प्रथम ऐकवावयाचें. तो हंसला तर वहींत ठेवावयाचें, न हंसला तर पान फाडावयाचें. तरुणपणीं त्यांनीं एका तोतऱ्या सहकाऱ्यावर पद्य रचून तें त्याच्या घरीं वाचलें. तो सहकारी हंसला, आणि मोठ्यानें हंसला. परंतु चहा घेऊन आलेली त्याची पत्नी मान खालीं घालून आंत निघून गेली. तें पान त्याच रात्रीं फाडलें गेलें, आणि त्यापुढें कोणाच्या शरीराच्या वैगुण्यावर त्यांनीं एक अक्षरहि लिहिलें नाहीं. वह्या चाळतांना अशा फाडलेल्या पानांचे खुंट शिवणींत जागोजाग दिसतात. एका वहींत आम्हीं नऊ मोजले. समितीनें वह्या पाहिल्या, पण हे खुंट तिच्या दृष्टीस पडले नसावेत. एखाद्या ग्रंथकारानें आपल्या वाचकाच्या मानेकडे पाहून पान फाडल्याचें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं. ज्यास 'किरकोळ' म्हणून वगळावयाचें ठरलें आहे, त्यांत ही जबाबदारी होती.

याच कसोटीवर आणखी एका आक्षेपाचें उत्तर मिळतें. कोणी म्हणेल कीं, विनोदाच्या नांवाखालीं आमच्याकडे दुर्बळांची किती विटंबना झाली. बायका, गांवढळ, काळे, लठ्ठ, परप्रांतीय यांच्यावर पिढ्यान् पिढ्या हंसून झालें. आणि तुम्ही त्याच टवाळीस गोत्र व प्राण बहाल करीत आहां! हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो झटकून टाकीत नाहीं. भोंडल्याच्या व विहिणींच्या गाण्यांतहि बोचरें व हीन असें पुष्कळ सांपडेल. समोरासमोर केलेली थट्टा नेहमीं निर्मळच असते असेंहि नव्हे. दुबळ्यास पुष्कळदां नाइलाजानें हंसावें लागतें, आणि त्या तोतऱ्या सहकाऱ्याचें हंसणें कदाचित् तसेंच होतें. परंतु तें ओळखण्याची संधि तेथें असते. मान खालीं घालणारी पत्नी तेथें दिसते. जी थट्टा परक्या प्रेक्षकांपुढें तिकीट लावून केली जाते, किंवा जी मोबाइलवर हजार हातांतून फिरत येते, तिला कर्ताहि नसतो आणि समोर बसलेला मनुष्यहि नसतो. आणि निर्लज्जपणा येतो तो तेथून. विनोदास सभ्य करावयाचें असेल तर त्यास घराबाहेर हांकलून तें होणार नाहीं.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद ऐकूं येतो. आतां यंत्रेंहि मागणीबरहुकूम यमकें जुळवून देतात. विषय सांगावा आणि क्षणांत आठ ओळी घ्याव्या. मग माणसानें हा व्याप कशासाठीं करावा? ज्यांस पद्य हा माल वाटतो त्यांनीं खुशाल तसें करावें. यंत्राची ओळ कदाचित् वृत्तांत अधिक चोखहि बसेल. परंतु यंत्रास दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या शेजाऱ्याच्या विहिरीवरून जावयाचें नसतें. ज्याची कवळी हरवली त्या मित्रानें आपली कवळी पद्यांत पाहून प्रथम रागावावें, मग हंसावें, आणि पुढें वीस वर्षें प्रत्येक पाहुण्यास तें पद्य स्वतःच म्हणून दाखवावें, हा जो व्यवहार आहे तो ओळींत नाहीं, माणसांत आहे. रचना हें त्या व्यवहाराचें निमित्त. निमित्त विकत मिळेल. व्यवहार मिळणार नाहीं.

आमच्या पक्षाची दुबळी बाजूहि आम्ही लपवीत नाहीं. सतरा वह्यांत निदान निम्मा भाग आज कोणास कळावयाचा नाहीं. ज्या साहेबाच्या छत्रीवर तीन पानें खर्चलीं आहेत तो साहेब आमच्याहि स्मरणांत नाहीं. कित्येक यमकें ओढूनताणून आणलेलीं आहेत, कित्येक थट्टा शिळ्या झाल्या आहेत, आणि निवृत्तीनंतरच्या दोन वह्यांत तब्येतीच्या तक्रारी फार आहेत. 'उपेक्षित महाकवि सांपडला' अशी दवंडी पिटण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं. परंतु त्या अकरा गंभीर कविताहि आम्हीं वाचल्या आहेत. त्यांत चंद्र आहे, किनारा आहे, तुटलेली तार आहे, 'तूं' आहे; फक्त आमचे स्नेही नाहींत. त्या काळच्या कोणत्याहि मासिकांतल्या कोणत्याहि कवितेखालीं त्या घालाव्यात आणि कोणास पत्ता लागूं नये, अशा त्या आहेत. त्यांनीं स्वतः हें बाविसाव्या वर्षींच ओळखलें असावें. कारण त्या अकरांनंतर बारावी नाहीं, आणि पुढच्याच पानावर खानावळींतील आमटीवर एक खरमरीत आर्या आहे. तें पान उलटलें त्या क्षणीं प्रतिभा वाया गेली, असें समिति म्हणते. आमच्या मतें त्या पानावर एका प्रामाणिक मनुष्यानें दुसऱ्याचा आवाज खालीं ठेवून स्वतःचा उचलला. आतां तो बोलूं शकत नाहीं असें पाहून, त्याचा आवाज पुसून टाकावा व त्यानें टाकून दिलेला उसना आवाज त्याच्या नांवानें छापावा, यास आम्ही सार्थक म्हणूं शकत नाहीं. हा अन्याय आहे. आणि प्रेमानें केल्यामुळें तो कमी होत नाहीं.

मग या वह्यांचें करावें काय? छापाव्या असा आमचा आग्रह नाहीं. 'तें घरचें आहे' हा मालकाचा शब्द आम्ही पाळूं इच्छितों. छापावयाच्याच असतील तर निवड न करितां छापाव्या. प्रत्येक पद्याखालीं तें कोणावर व कोणत्या प्रसंगीं झालें हें जाणत्या माणसांस विचारून नोंदवावें. आणि फाडलेल्या पानांचे खुंट जेथें आहेत तेथें कोरें पान सोडावें. हें समितीस खर्चाचें वाटेल. तसें असल्यास त्यांची कन्या वह्या जपून ठेवावयास तयार आहे, तिच्या हवालीं त्या कराव्या. रद्दीच्या दुकानाची वाट त्यांस दाखवूं नये, एवढीच विनंति. आणि प्रत्येक गांवांत, प्रत्येक कचेरींत, प्रत्येक आळींत अशी एखादी वही आजहि कोणीतरी लिहीत आहे; तिच्या कर्त्यास 'कांहीं तरी भरीव लिहा' असा उपदेश करण्याआधीं आपल्यावर त्यानें काय लिहिलें आहे तें एकदां ऐकून घ्यावें.

समितीस आम्हीं आमच्याकडून एक सूचना कळविली आहे. येत्या वर्षश्राद्धाच्या सुमारास एका रविवारीं त्यांच्याच घरीं जमावें, आणि ज्यांच्यावर त्यांनीं पद्यें रचलीं त्यांपैकीं जे हयात आहेत त्यांनीं आपापलें पद्य आपणच वाचावें. आम्ही अवश्य येऊं. त्या वह्यांत आमच्यावर तीन पद्यें आहेत. त्यांतील एक आमच्या प्रस्तावना लिहिण्याच्या खोडीवर आहे, आणि तें आम्हांस ऐकविलें तेव्हां आम्ही हंसलों होतों, म्हणूनच तें वहींत राहिलें आहे. तें आम्ही स्वतः वाचूं. अकरा कवितांची प्रस्तावना मात्र दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्यावी.